अ‍ॅस्कॉटच्या सात शर्यती

इंग्लंडमधील अ‍ॅस्कॉटच्या मैदानावर २८ सप्टेंबर १९९६ रोजी इटालियन जॉकी फ्रँकी डेटोरी यांनी दिवसभरातील सातही शर्यती जिंकल्या. आणि ज्यांनी त्यांच्या सातही घोड्यांवर साखळी पैज लावली होती, म्हणजे प्रत्येक शर्यतीतील मुद्दल व नफा आपोआप पुढच्या शर्यतीवर लागावा असे ठरवले होते, त्यांच्या एका पौंडाचे पंचवीस हजारांहून अधिक पौंड झाले. शेवटच्या शर्यतीतील फुजियामा क्रेस्ट या घोड्याचा भाव सकाळी एकास बारा होता. परंतु अशा पैजांचा हिशेब बहुधा शर्यत सुटतानाच्या भावाने होत असल्याने, मोठ्या बुकी कंपन्यांनी मैदानावर त्याच घोड्यावर पैसा ओतून तो भाव एकास दोनपर्यंत खाली आणला. हा भाव घोड्याच्या कुवतीला शोभणारा नव्हता, हे मैदानावरील काही बुकींचे अनुमान शास्त्रशुद्धच होते, म्हणून त्यांनी त्या पैजा मुक्तपणे स्वीकारल्या. घोडा मात्र मानेइतक्या अंतराने जिंकला, आणि अचूक हिशेब करणारी ही माणसे, दुर्दैवाने, कर्जात बुडाली. डेटोरींच्या घोड्यांवर पैज लावणाऱ्या मोरकॅम येथील एका सुताराने मात्र त्या दिवशी पाच लाखांहून अधिक पौंड जिंकले.