पाळत आणि प्रतिपाळ



गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, हा मी माझा बहुमान समजतो. मी आयुष्यभर मराठी शिकविले. अशा माणसाने संतवाङ्मयावर किंवा नाटकावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. ती मी सर्वस्वी मोडणार नाही. परंतु आज बोलायचे आहे ते आपल्या प्रत्येकाच्या खिशात असलेल्या मोबाईल फोनविषयी, आणि त्या फोनच्या आधाराने एका माणसाने दुसऱ्यावर नकळत ठेवलेल्या पाळतीविषयी.

हा विषय निवडण्याचे कारण याच गावाच्या बसथांब्यावर सापडते. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली महिलांना सरकारी बसचा सर्वसाधारण प्रवास विनामूल्य झाला. आपल्या मुली आज आळंद-कलबुर्गीच्या महाविद्यालयांपर्यंत जातात. मुलगी दूर गेली की घरात काळजी वाढते, आणि काळजी वाढली की तिच्या फोनमध्ये तिला न सांगता ठिकाण दाखविणारे एखादे ॲप घालून ठेवण्याची कल्पना कोणीतरी सुचवितो. यात हेतू वाईट असतोच असे नाही. म्हणूनच या प्रश्नाचा शांतपणे विचार केला पाहिजे.

प्रारंभी शब्दांकडे वळतो, कारण ती माझी सवय आहे. पालक, पाळणा, प्रतिपाळ आणि पाळत हे सारे शब्द एकाच घराण्यातले आहेत. जुन्या मराठीत 'पाळती' म्हणजे हेर. जो सांभाळतो तोही पाहतो आणि जो हेरगिरी करतो तोही पाहतो. मग दोघांत भेद कोणता? माझ्या मते भेद एवढाच, की ज्याच्याकडे पाहिले जाते त्याला ते ठाऊक असते की नसते. प्रतिपाळ उघड असतो, पाळत लपून असते.

आपल्या जुन्या घरांत वडीलधारा माणूस ओसरीवरून माजघरात येताना आधी खाकरत असे. घर त्याचे, अधिकार त्याचा, तरी तो खाकरत असे. आतल्यांना सावरायला क्षणभर अवसर मिळावा, हा त्यातला विवेक होता. आमचे गुरुजीही अभ्यासिकेची पाहणी करायला रात्री येत तेव्हा त्यांच्या वहाणांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापासून ऐकू येई. ते आवाज न करता येऊ शकले नसते असे नाही. पण मुले पकडण्यापेक्षा मुले अभ्यासाला बसलेली पाहण्यात त्यांना अधिक रस होता.

आता त्या यंत्राकडे पाहू. पुष्कळांची समजूत अशी असते की आकाशातला उपग्रह आपल्याला पाहतो. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून केवळ वेळेचे संकेत पाठवीत असतात. आपला फोन किमान चार उपग्रहांचे संकेत ऐकून आपले ठिकाण स्वतःच गणिताने काढतो. आपल्या इस्रोने उभारलेल्या 'नाविक' यंत्रणेचे तत्त्वही हेच आहे. उपग्रह बोलतो आणि फोन ऐकतो. उपग्रहाला आपला पत्ता ठाऊकही नसतो. चहाडी होते ती पुढे. फोनमधले ॲप ते ठिकाण इंटरनेटवरून तिसऱ्याच्या संगणकावर पाठविते, आणि तेथून ते पाहणाऱ्याला दिसते. लष्करी कारणासाठी नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने १ मे २००० रोजी काढून टाकली. तेव्हापासून, पूर्वी शंभर मीटरपर्यंत चुकणारा ठिपका मोकळ्या जागी काही मीटरवर आला.

परंतु घरात, दाट वस्तीत हा ठिपका भरकटतो. उपग्रहाचा संकेत नसेल तेव्हा फोन मनोऱ्यावरून अंदाज बांधतो, आणि खेड्यांत दोन मनोऱ्यांमध्ये कित्येक किलोमीटर अंतर असते. कर्नाटकात उभ्या माणसाच्या फोनवर महाराष्ट्रातला मनोरा लागतो, हे सीमेलगतच्या गावकऱ्यांना मी सांगायला नको. आणि ठिपका अगदी अचूक असला तरी तो फोनचा ठिपका असतो, माणसाचा नव्हे. 'कोठे' एवढेच तो सांगतो. 'का', 'कोणाबरोबर', 'कोणत्या अडचणीत' हे तो सांगत नाही.

येथे मला गोविंद बल्लाळ देवलांचे 'संशयकल्लोळ' आठवते. मूळ फ्रेंच प्रहसन, त्यावरून इंग्रजी नाटक आणि त्यावरून देवलांचे मराठी रूप, असा त्याचा प्रवास; १९१६ साली ते संगीत होऊन रंगभूमीवर आले. त्यातली मेख आजच्या ठिपक्यासारखीच आहे. रस्त्यात मूर्च्छा आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, आणि त्याची पत्नी कृत्तिका ते लांबून पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते, आणि फाल्गुनराव तिला परपुरुषाची तसबीर न्याहाळताना पाहतो. दोघांनी पाहिले ते खरेच होते. त्यावरून काढलेला अर्थ मात्र सपशेल खोटा होता. 'ही तसबीर तुझ्याकडे कशी आली?' हा साधा प्रश्न सरळ मनाने विचारला असता आणि त्याचे उत्तर विश्वासाने ऐकले असते, तर नाटक पहिल्याच अंकात संपले असते. आपण हसतो, कारण तो प्रश्न तसा विचारला जात नाही.

दुसरे उदाहरण हसण्याचे नाही. विदर्भातल्या पद्मपुरचा भवभूती. त्याच्या 'उत्तररामचरिता'त पहिल्याच अंकात दुर्मुख नावाचा हेर रामाच्या कानी लोकापवाद घालतो. सीता त्या वेळी रामाच्या बाहूवर विसावून झोपलेली आहे. राम शोक करतो, स्वतःला दोष देतो, पण तिला जागी करून एक शब्द विचारीत नाही. वनविहाराला निघालेली सीता आपला त्याग झाला आहे हे न जाणताच रथात बसते. राजधर्माच्या अंगाने या प्रसंगावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. आजच्या विषयापुरते मला एवढेच दिसते, की हेराकडून कळलेल्या गोष्टीवर निर्णय झाला आणि जिच्याविषयी निर्णय झाला तिला प्रश्नच विचारला गेला नाही.

मित्रहो, माझ्या व्याख्यानाचा गाभा येथे आहे. गुप्तपणे मिळालेली माहिती विचारता येत नाही. विचारले की आपली हेरगिरी उघडी पडते. म्हणून पाहणारा गप्प बसतो, आणि त्या मौनात तो स्वतःच्या प्रश्नाला स्वतःच उत्तर देतो. समजा, मुलीचा ठिपका बसस्थानकाजवळ दोन तास थांबला. बस रद्द झाली असेल, मैत्रीण आजारी पडली असेल, झेरॉक्सच्या दुकानात वीज गेली असेल. उघडपणे काळजी करणारा बाप फोन करतो आणि दोन मिनिटांत त्याचे समाधान होते. लपून पाहणारा बाप महिनाभर मनात कुढतो आणि एके दिवशी जाहीर करतो, 'आता कॉलेज पुरे.' मुलीचे शिक्षण थांबते आणि ते कशामुळे थांबले हेही तिला कळत नाही.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. तरुण मुलांना फोन आपल्यापेक्षा चांगला कळतो. पाळत लक्षात आलेली मुलगी भांडत बसत नाही. ती फोन मैत्रिणीच्या खोलीवर ठेवून बाहेर पडते. ठिपका वर्गात, मुलगी अन्यत्र. ज्या दिवशी तिच्यावर खरोखर संकट येईल त्या दिवशी तो ठिपका आपल्याला नेमका चुकीच्या जागी धावायला लावील. आणि संकटात पहिला फोन ज्या बापाला करायचा, त्याचेच भय तिला वाटू लागलेले असेल.

शिवाय अशी ॲप्स विकणारे कोण, हेही पाहावे. चोरून पाळत ठेवणारे 'स्पायफोन' हे ॲप विकणाऱ्या कंपनीवर आणि तिच्या प्रमुखावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०२१ मध्ये या व्यवसायात राहण्यास बंदी घातली. त्या कंपनीने गोळा केलेली माहिती २०१८ मध्ये एका घुसखोराच्या हाती लागली होती. मुलीच्या रक्षणासाठी तिचा रोजचा मार्ग अनोळखी माणसांच्या संगणकावर नेऊन ठेवावा, हे कसले रक्षण?

आता कायद्याची वाट पाहू, कारण ती याच दिशेने आली आहे. १९६२ साली खडकसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रात्री-अपरात्री घरी येणाऱ्या पोलिसांना मज्जाव केला, मात्र माणसाच्या हालचालींवर नजर ठेवण्यात बहुमताला घटनाभंग दिसला नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदविले. ज्याच्या मागे डोळे आहेत त्याचे चालणे मोकळे नसते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो दावा लढविणारे के. एस. पुट्टस्वामी हे आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते.

थेट आपल्या विषयाचा निकालही कर्नाटकातलाच आहे. पती-पत्नीच्या एका दाव्यात, पत्नीचे ज्याच्याशी संबंध असल्याचा पतीला संशय होता, त्या तिऱ्हाइताच्या मोबाईलची मनोऱ्याची नोंद मागविण्यास कौटुंबिक न्यायालयाने २०१९ मध्ये अनुमती दिली होती. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी न्यायमूर्ती एम. नागप्रसन्न यांनी तो आदेश रद्द केला. संशय सिद्ध करण्यासाठी तिसऱ्या माणसाचा खासगीपणा उघडा पाडता येणार नाही, हे त्यातले सूत्र. ठाण्याच्या न्यायालयात वकिलीला आरंभ केलेले आणि कर्नाटकाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले अभय ओक हे सर्वोच्च न्यायालयात असताना ८ जुलै २०२४ रोजी त्यांच्या पीठाने याहून पुढचे पाऊल टाकले. जामिनावर सुटलेल्या आरोपीने गूगल नकाशावर आपल्या ठिकाणाची खूण तपास अधिकाऱ्याला देत राहावी, ही अट त्यांनी रद्द केली. जामिनावरच्या आरोपीच्या चालण्याफिरण्यालाही जर एवढा मान आहे, तर निर्दोष लेकीला किती असावा?

कायदा सर्वस्वी एकाच बाजूला झुकलेला आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. १४ जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठाने, पती-पत्नीतले चोरून ध्वनिमुद्रित केलेले संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालू शकेल असे ठरविले. पण एकमेकांवर हेरगिरी करण्याची वेळ आली म्हणजे विश्वास आधीच तुटला आहे, हेही त्यांनी नोंदविले. स्त्रीच्या इंटरनेट वा ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणे २०१३ पासून पाठलागाच्या गुन्ह्यात मोडते. भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. उलट, २०२३ चा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा घरगुती कारणासाठी व्यक्तीने केलेल्या वापराला लागूच होत नाही. म्हणजे माहितीचा हा कायदा उंबऱ्याशी थांबतो. उंबऱ्याच्या आत आपला विवेक हाच कायदा.

मग ठिकाण कळणेच वाईट का? मुळीच नाही. विस्मरणाच्या आजाराने वाट चुकणाऱ्या आजोबांच्या खिशातला फोन कुटुंबाला मोठा आधार असतो. पुण्या-मुंबईहून रात्रीच्या गाडीने येणाऱ्या मुलाचे ठिकाण आईला दिसले तर तिला झोप लागते. व्हॉट्सॲपवर आपले चालते ठिकाण पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास दाखविता येते. त्यात दाखविणाऱ्याची इच्छा आहे आणि काळाची मर्यादाही. पाल्यावर देखरेख करणाऱ्या ॲपने फोनवर त्याची खूण सतत दिसू दिली पाहिजे, असा गूगलच्या ॲप-दुकानाचा नियम आहे. पत्नीवर वा पतीवर चोरून नजर ठेवणाऱ्या ॲपला तेथे मुळीच थारा नाही. एअरटॅगसारखी वस्तू कोणी आपल्या पिशवीत लपविली तर फोनने सूचना द्यावी, अशी सोय ॲपल आणि गूगल यांनी मे २०२४ मध्ये एकत्रितपणे केली. यंत्रालाही अखेर खाकरायला शिकवावे लागले!

हा भाग निजामाच्या अमलात असताना सभा भरवायला परवानगी लागे. 'गश्ती निशाण ५३' हा शब्द आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी कडवटपणे येई. १९४८ मध्ये ती सत्ता गेली, १९५६ मध्ये आपण भाषावार रचनेत या राज्यात आलो. ज्यांनी पाळतीखाली दिवस काढले त्यांच्या नातवंडांनी आपल्याच घरात नवी गश्त सुरू करू नये.

सारांश, माझी सूचना साधी आहे. ठिकाण पाहायचे असेल तर आधी सांगा. का पाहायचे, किती काळ पाहायचे आणि केव्हा थांबायचे, हे दोघांनी मिळून ठरवा. जमल्यास आपलेही ठिकाण मुलांना दाखवा. आणि ठिपका कोठेही थांबलेला दिसला, तरी प्रथम फोन करून विचारा, 'बाळ, जेवलीस का?' उत्तर त्या प्रश्नाला मिळते. नकाशाला मिळत नाही.