पाठीचं ऑपरेशन, घर आणि गोठा

मोहगाव, सौसर, पांढुर्णा भागातून मणक्याच्या ऑपरेशनसाठी अनेक जण नागपूर गाठतात. टाके सुकले की माणूस बरा झाला, असं घरचे धरून चालतात आणि हात पुन्हा शेणाच्या टोपलीकडे वळतो. घाई इथंच नडते. पहिले साधारण 6 आठवडे वाकणं, कंबर पिळणं, जड उचलणं बंद. भरलेली घागरही जडच. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हातानं रेटून बसा. उकिडवं बसून धार काढायचं काम घरात दुसऱ्या कुणाकडे द्या. घरी कुत्रा असेल तर त्याची थाळी स्टुलावर ठेवा, म्हणजे वाकावं लागणार नाही. साखळी मात्र दुसऱ्याच्या हाती, एक हिसकाही महाग पडतो. चालणं रोज, थोडं थोडं वाढवत. पायातला बधिरपणा वाढला, लघवी अडली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.