तारीख बदलली तर?

विज्ञान प्रदर्शन म्हटलं की आपल्याला थर्माकोलचा ज्वालामुखी आठवतो. अमेरिकेत १९५० पासून भरणाऱ्या 'आयसेफ' या मेळ्यात प्रतिकृती चालत नाहीत. नववी ते बारावीच्या मुलांनी स्वतः केलेलं संशोधन लागतं.

आमच्या नववीतल्या एका मुलीनं त्यासाठी तयारी चालवली होती. तुरटी फिरवल्यानं विहिरीच्या पाण्यातले जंतू किती कमी होतात, हा तिचा प्रश्न. महिनाभर घरच्या ओट्यावर तिनं जंतू वाढवून मोजले. वही भरली. मग मी नियमावली उघडली. आधीच उघडायला हवी होती, हे कबूल. जंतू घरी वाढवायचे नाहीत, आणि परवानगी प्रयोगाआधी घ्यायची!

"सर, तारीख बदलली तर?" तिनं हळूच विचारलं.

खरं सांगतो, क्षणभर मीही गप्प बसलो. मग म्हणालो, "नको. पुन्हा करू."

परवानगी घेतली, एका कॉलेजची प्रयोगशाळा मिळाली. या खेपेला तिनं बिनतुरटीचं पाणीही शेजारी ठेवलं. पहिल्यांदा ते राहूनच गेलं होतं. नुसतं निवळू दिलेल्या पाण्यातही जंतू थोडे घटले होते! म्हणजे जुन्या वहीत सगळं श्रेय तुरटीला गेलं होतं.

अर्जाची मुदत मात्र हुकली. पुढच्या वर्षी दहावी, म्हणून घरचे नको म्हणाले. दोन्ही वह्या माझ्याकडे आहेत.