घर बांधावे, भट्टी बांधू नये
(वर्षावासानिमित्त मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण)



आम्ही ना इंजिनिअर, ना कंत्राटदार. कला शाखेचे पदवीधर आणि पोटासाठी बँकेतील कारकुनी. परंतु गृहकर्जाच्या टेबलावर बसल्यामुळे घरांचे नकाशे व अंदाजपत्रके रोज हाताखालून जातात. त्यावरून जे सुचले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

विनयपिटकात धनिय नावाच्या भिक्खूची कथा आहे. हा कुंभाराचा मुलगा. राजगृहाजवळ इसिगिली डोंगराच्या उतारावर त्याने गवताची कुटी बांधली. तो भिक्षेला गेला की गवत-लाकूड गोळा करणारे लोक ती मोडून नेत. असे तीनदा झाले. शेवटी त्याने घरचे कसब वापरले. सगळी कुटी मातीची रचली आणि गवत, लाकूड, शेण लावून ती भाजून काढली. लालबुंद, देखणी कुटी झाली. तिचा नाद घंटेसारखा येई. भगवंतांनी ती पाहिली आणि मोडून टाकावयास सांगितली. प्राणिमात्राविषयी करुणा न बाळगता ती बांधली, हा त्यांचा आक्षेप होता.

ही कथा वाचताना आम्हांला धनियाचा राग येत नाही. तीनदा घर मोडलेल्या माणसाला पक्के घर हवेच असते. आपल्या आजोबा-पणजोबांची घरे गावकुसाबाहेर, कुडाची, पावसात गळणारी. म्हणून हाती पहिले कर्ज येताच आपण विटा-सिमेंटचे, स्लॅबचे घर बांधतो. त्यात आपली प्रतिष्ठा आहे. पर्यावरणाच्या नावाखाली कोणी आपल्याला पुन्हा झोपडीत जा म्हणेल, तर ते आम्ही ऐकणार नाही. शिवाय माती म्हणजे आपोआप चांगली, असेही नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची मातीची जड धाबी कोसळून हजारो माणसे गाडली गेली, हे आपण विसरलेलो नाही.

तेव्हा प्रश्न कच्च्या-पक्क्याचा नाही. घरापायी काय जळते, याचा हिशेब आपण ठेवतो का, हा प्रश्न आहे. विटेसाठी शेताची वरची सुपीक माती जाते. सिमेंटसाठी चुनखडी भाजावी लागते. माणूस जगभर जेवढा कार्बन डाय-ऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला सुमारे 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंटचा. वाळू उपसली की नदीचे पात्र खोल जाते आणि काठच्या विहिरी आटतात. धनियाने पुढे राजा बिंबिसाराच्या राखीव लाकडाला हात घातला आणि त्यातून चोरीविषयीचा कडक नियम झाला. रात्री पावतीशिवाय आलेली वाळू उतरवून घेताना कथेचा हा उत्तरार्ध आठवावा.

आमचीही चूक सांगितली पाहिजे. आम्ही घर बांधले तेव्हा गाडी लावावयास जागा हवी म्हणून दारातला कडुनिंब तोडला. गाडी आजतागायत आली नाही. पश्चिमेला मोठी काचेची खिडकी घेतली, कारण शेजाऱ्यांकडे तशी होती. पहिल्याच उन्हाळ्यात आई म्हणाली, "अरे, घर बांधलंस की भट्टी?" ती अंगणात झोपू लागली, पण अंगणातही निंबाची सावली उरली नव्हती. आम्हांला उत्तर देता आले नाही.

मग मार्ग काय? इंग्लंडमध्ये 1917 साली जन्मलेले आणि केरळात घरे बांधण्यात आयुष्य वेचलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांच्या कामाकडे पाहावे. 2007 साली ते वारले. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची रीत त्यांनी रूढ केली. तिला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात. सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे घर कमी तापते. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट ताण सोसण्याच्या कामी फारसे येत नाही, ते काम लोखंड करते. म्हणून तेथे मंगलोरी कौले घालून सिमेंट वाचविता येते. अर्थात हे जाणत्या इंजिनिअरच्या सल्ल्याने आणि शिकलेल्या गवंड्याकडूनच करावे. भूकंपाचा धोका असेल तेथे पट्ट्यांत काटकसर करू नये.

आता कारकुनी हिशेब. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 50 चौरस मीटरचे छत आणि वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला तर 35,000 लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला तरी 28,000 उरतात. पिण्या-स्वयंपाकाला रोज 40 लिटर लागले, तर हे पाणी 700 दिवसांचे झाले. एवढी टाकी कोणी बांधणार नाही; पण उरलेले पाणी गाळून विहिरीत सोडता येते. ही ठेव आपण दरवर्षी गटारात भरतो!

म्हणून विनंती एवढीच. अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. झाड वाचवून नकाशा बसतो का? ऊन आणि वारा कोणत्या बाजूने येतो? छताचे पाणी कोठे जाते? हे विचारावयास पैसा लागत नाही. झालेल्या घरालाही छतावर पांढरा चुना देता येतो, पश्चिमेला झाड लावता येते. आम्ही दोन्ही केले आहे. निंब अजून कमरेएवढाच आहे. त्याची सावली आईला मिळेल की नाही, ठाऊक नाही; नातवंडांना मिळावी.