संततिनियमन, सुप्रजनन आणि 1927 साल

आज जरा अवघड विषय घेतलाय.

ऑक्टोबर 1916. ब्रुकलिनमधल्या ब्राउन्सव्हिल या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत मार्गारेट सँगर यांनी अमेरिकेतलं पहिलं संततिनियमन केंद्र उघडलं. पत्रकं इंग्रजी, यिडिश आणि इटालियनमध्ये. बायकांनी रांगा लावल्या. दहाएक दिवसांत पोलिसांनी केंद्र बंद पाडलं आणि पुढे सँगरबाईंना 30 दिवसांचा तुरुंगवास झाला.

इथवर गोष्ट सरळ आहे. पण चळवळीला प्रतिष्ठा हवी होती, आणि तेव्हा प्रतिष्ठा होती युजेनिक्सला, म्हणजे सुप्रजननशास्त्राला. ‘चांगल्या’ माणसांनी मुलं जन्माला घालावीत, ‘अयोग्यांनी’ घालू नयेत, असा तो विचार. गंमत बघा, बरेच सुप्रजननवादी संततिनियमनाच्या विरोधातच होते. शिकल्यासवरल्या बायकाच साधनं वापरतील ही त्यांची धास्ती! तरीही सँगरबाईंनी ती भाषा उचलली. ‘अयोग्यां’ची संतती थांबवावी, असं त्यांनी स्वतः लिहिलं. लंडनमध्ये 1921 साली केंद्र काढणाऱ्या मेरी स्टोप्स यांच्या संस्थेच्या तर नावातच ‘वंशाची प्रगती’ होती.

या भाषेची किंमत कोणी मोजली? 1927 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मतांनी कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. तिच्यावर ‘मंदबुद्धी’ असा शिक्का होता. खरं तर तिच्यावर बलात्कार होऊन ती गरोदर राहिली होती. तिची मुलगीही ‘मंद’ ठरवली गेली. तीच पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली. अशा कायद्यांखाली अमेरिकेत 60,000 हून अधिक लोकांची नसबंदी झाली.

आणि आपल्याकडे? त्याच 1927 मध्ये र. धों. कर्व्यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. त्याच वर्षी ना. सी. फडक्यांचं, हो, कादंबरीकार फडक्यांचंच, ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक आलं. भारतात सुप्रजननाची चळवळ हवी, असा त्याचा आग्रह. प्रस्तावना कोणाची? मार्गारेट सँगर यांची.

मला वाटतं, ब्राउन्सव्हिलच्या रांगेतल्या बाईला स्वतःच्या शरीराचा निर्णय स्वतः घ्यायचा होता. कॅरीचा निर्णय डॉक्टर आणि न्यायाधीशांनी घेतला. म्हणून लोकसंख्येच्या कुठल्याही योजनेबद्दल ऐकलंत, की आधी विचारा: ‘नको’ म्हणायची मुभा त्या बाईला आहे का?

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.