स्ट्रायकर घेऊन दादरला

आम्ही वसईतल्या होळीच्या बचत गटाच्या बायका. आज आम्ही पापडांबद्दल किंवा कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय कॅरमबद्दल. हसू नका. आमच्यातल्या चौघी दादरला कॅरमच्या स्पर्धेला जाऊन आल्या, त्याची ही हकिकत.

सुरुवात झाली पावसाळ्यात. आमची सभा शनिवारी दुपारी असते. बचत गोळा झाली, वही लिहून झाली, तरी पाऊस काही थांबेना. ज्यांच्या ओटीवर सभा होती, त्यांच्या मुलाचा जुना कॅरम भिंतीला टेकून उभा होता. कोणीतरी तो आडवा केला. पावडर नव्हती, म्हणून चक्क तोंडाला लावायची पावडर टाकली. (असं करू नका, बोर्ड चिकट होतो. कॅरमला बोरिक पावडर लागते.) त्या दिवशी सहा वाजले तरी कोणी उठलं नाही.

आमच्यातल्या मोठ्या काकींचं वय ६१. त्यांना सगळ्यात जास्त गोडी लागली. त्या म्हणाल्या, त्यांच्या आजीकडे कापडाचा सारीपाट होता. चार रंगांच्या मिळून सोळा सोंगट्या, आणि कवड्या टाकून खेळायचं. कॅरममध्येही आपण सोंगट्याच म्हणतो, तो शब्द तिकडूनच आला असावा. पण सारीपाटात दान पडावं लागतं. कॅरममध्ये जे काही व्हायचं ते आपल्या बोटानं. काकींना हेच आवडलं. "इथे नशिबाला बोल लावता येत नाही," म्हणाल्या.

दर शनिवारी अर्धा तास खेळ, असं ठरून गेलं. तीन-चार महिन्यांनी आमच्यातल्या एकीच्या भाच्यानं सांगितलं, दादरला स्पर्धा आहे, महिलांचा वेगळा गट आहे, कोणीही नाव देऊ शकतं. आम्ही आधी उडवून लावलं. काकींनी मात्र नाव दिलं. मग त्यांना सोबत म्हणून आणखी तिघींनी दिलं.

आता खरा वाद सुरू झाला, पैशांचा. प्रवेश फी, गाडीभाडं, चहापाणी. दोघी म्हणाल्या, गटाच्या नावानं जाताय, तर गटातून घ्या. बाकीच्या म्हणाल्या, गटाचा पैसा कर्जासाठी आहे. उद्या कोणाचं पोर आजारी पडलं तर काय सांगायचं, पैसे कॅरमला गेले? त्या सभेत आवाज चढले, हे कबूल करतो. शेवटी गटाच्या पैशाला हात लावायचा नाही, जिनं तिनं आपापले भरायचे, असं ठरलं. तेच बरोबर होतं असं आम्हाला अजूनही वाटतं. पण एक गोष्ट बोचली. घरातली पुरुषमाणसं क्रिकेटच्या मॅचला जातात, तेव्हा त्या खर्चाची अशी सभा कधी भरते का?

दुसरा प्रश्न घरी काय सांगायचं हा होता. तिघींनी खरं सांगितलं. एकीच्या सासूबाईंनी तर डबाही करून दिला. चौथीनं मात्र घरी सांगितलं, गटाची मिटिंग आहे. तिला आम्ही दोष दिला नाही. पण तिच्या खोटेपणात आम्हीही सामील झालो, हेही खरं.

रविवारी पहाटे रिक्षानं वसई रोड स्टेशन, तिथून लोकल. प्रवासाचं काय सांगायचं, भाजी आणि फुलं घेऊन आपण कितीदा तरी गेलोय. फरक एवढाच की या वेळी डोक्यावर काही नव्हतं. हात मोकळे घेऊन दादरला उतरताना चुकल्यासारखं वाटत होतं.

हॉलमध्ये पाय ठेवला आणि छातीत धडधडलं. ओळीनं बोर्ड मांडलेले, प्रत्येक बोर्डावर वरून सोडलेला दिवा, आणि शांतता. आमच्या ओटीवर खेळताना कान किटतात, इथे फक्त टक-टक आवाज. बारा-तेरा वर्षांच्या मुली आपापला स्ट्रायकर छोट्या पिशवीतून काढत होत्या. आमच्याकडे चौघींत मिळून एक स्ट्रायकर, तोही मुलाचा.

आणि नियम! आम्ही घरी काळी १०, पांढरी २०, राणी ५० असं मोजतो. तिथे तसं काहीच नाही. एकीनं पांढऱ्या घ्यायच्या, दुसरीनं काळ्या. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी. आपल्या सगळ्या आधी संपवल्या की समोरचीच्या जेवढ्या उरल्या तेवढे गुण आपल्याला, राणी घेतली असेल तर तिचे तीन. २५ गुण किंवा आठ बोर्ड झाले की एक गेम, आणि तीनपैकी दोन गेम जिंकायचे. स्ट्रायकर दोन्ही रेघांना टेकलाच पाहिजे. १५ सेकंदांत मारायचं. खुर्ची सरकवायची नाही. आमच्या एकीनं सवयीनं खुर्ची पुढे ओढली आणि पंचांनी टोकलं. ती इतकी गांगरली की पुढचे तीन फटके हवेतच गेले. ती पहिल्याच फेरीत हरली, चार गुणांवर. आणखी दोघीही पहिल्याच फेरीत गेल्या.

उरल्या काकी. समोर कॉलेजातली मुलगी. पहिला गेम मुलीनं घेतला, दुसरा काकींनी. आम्ही मागे उभ्या, टाळी वाजवायची की नाही तेही कळेना. तिसऱ्या गेममध्ये सात बोर्डांनंतर दोघींचे गुण सारखे. आठव्या बोर्डात काकींची एकच सोंगटी उरली, आणि राणी. काकींनी ती सोंगटी सुरेख कटनं घातली. आम्ही टाळी वाजवली. पंचांनी मान हलवली. राणी बोर्डावर असताना आपली शेवटची सोंगटी गेली तर बोर्ड हरलो. घरी आपण काय करतो? हसतो, सोंगटी परत काढून मधे ठेवतो. आम्हाला कोणालाच हा नियम माहीत नव्हता. राणी घेतली की लगेच पुढच्या फटक्यात आपली सोंगटी घालून ती कव्हर करायची, एवढंच ठाऊक होतं.

काकी काही बोलल्या नाहीत. त्या मुलीनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आजी, तुमचा कट मला शिकवाल?" मग काकी हसल्या.

तिथेच एका बाईंनी आम्हाला चेन्नईच्या काझिमाबद्दल सांगितलं. रिक्षा चालवणाऱ्या वडिलांची मुलगी. नोव्हेंबर २०२४ मध्ये, १७ व्या वर्षी, अमेरिकेतल्या कॅरम विश्वचषकातून तीन सुवर्णपदकं घेऊन आली. आम्हाला कॅरमचा विश्वचषक असतो हेच माहीत नव्हतं. चेन्नईच्याच मारिया इरुदयम यांना १९९६ साली कॅरमसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला होता, हेही त्यांच्याकडूनच कळलं. वाळवणाच्या दिवसांत पोरांना गप्प बसवायला आपण जो खेळ मांडून देतो, त्याचं इतकं मोठं जग आहे.

परतीच्या गाडीत चौथीच्या घरून फोन आला. कुठे आहेस? ती गप्प. मग म्हणाली, "मिटिंग नव्हती. कॅरम खेळायला आले होते. हरले." पलीकडून फोन ठेवला गेला. घरी दोन दिवस तिच्याशी कोणी बोललं नाही. ती अजूनही शनिवारी येते, पण एका आड एक. दोनदा आम्ही तिच्या घरी जाऊन बसलो, चहा झाला, विषय कोणी काढला नाही.

आता आम्ही खेळाची वेगळी पेटी केलीय. ज्यांना खेळायचं त्या आठवड्याला १० रुपये टाकतात, गटाच्या वहीशी तिचा संबंध नाही. त्यातून दोन स्ट्रायकर आणि बोरिक पावडरचा डबा घेतला. नियम मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून बोर्डामागे चिकटवलेत, राणीचा नियम लाल शाईनं. खुर्च्या पक्क्या जागी ठेवून खेळायची सवय लावतोय, ते सगळ्यात अवघड जातंय.

ओटीवरचा तो जुना बोर्ड आता एका कोपऱ्यात फुगलाय. कोणाच्या घरी चांगला बोर्ड नुसता पडून असेल, तर आम्हाला कळवा. न्यायला आम्ही येऊ.