दवाखाना कोणाचा?

(सोनाळा, ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



आखातातून परतलेला माणूस तेथील इस्पितळांचे वर्णन करू लागला की ऐकणारा म्हणतो, "त्यांच्याकडे तेलाचा पैसा आहे बाबा, आपल्या नशिबी ते कुठले?" ही समजूत आज तपासून पाहू.

कुवेतची तेलनिर्यात १९४६ साली सुरू झाली आणि १९४९ मध्ये तेथे अमिरी हे सरकारी इस्पितळ उघडले. तेलाची मिळकत नागरिकांच्या आरोग्यावर खर्च झाली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु त्या देशात राहणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक परदेशी आहेत आणि तेथील बांधकामे त्यांच्याच घामावर उभी आहेत. १९९९ च्या कायद्याने त्यांच्यावर आरोग्यविम्याची सक्ती झाली. २०१३ मध्ये जहरा येथील सरकारी इस्पितळात बाह्यरुग्ण तपासणीची सकाळ नागरिकांसाठी राखून परदेशीयांना संध्याकाळ देण्यात आली. २०१७ मध्ये परदेशीयांचे शुल्क वाढले. २०१८ मध्ये उघडलेले, हजाराहून अधिक खाटांचे जाबेर इस्पितळ तर नागरिकांपुरतेच ठरले. याउलट, तेलाची संपत्ती नसलेल्या श्रीलंकेने १९५१ पासून सरकारी इस्पितळांत मोफत उपचारांचे धोरण स्वीकारले.

तात्पर्य उघड आहे. पैशाने इमारत उभी राहते. तिचे दार कोणासाठी उघडायचे, हे सत्ता ठरवते. कुवेतमधील मजुराला मत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला संध्याकाळची रांग आली.

आपल्याला तर मत आहे! सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे घटनेचे ४७ वे कलम सांगते. पश्चिम बंगालमधील शेतमजूर संघटनेच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग होय. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार मोफत केले.

तरीही सातपुड्याच्या पायथ्याशी आपण काय पाहतो? खाली खारपाणपट्ट्यातील घराघरांत मूत्रपिंडाच्या आजाराचे नाव ऐकू येते. डायलिसिस लागलेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा खामगाव-अकोल्याची वाट धरावी लागते. उपचार मोफत असले तरी गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी मोफत नाही. सोबत जाणाऱ्याचीही मजुरी बुडतेच. खारे पाणी हे आजाराचे कारण कितपत आहे, याचा निर्णय वैद्यकशास्त्र करील. पण तोवर माणसांनी तेच पाणी का प्यावे?

आता थोडे स्वतःविषयी. आरोग्य शिबिर भरवले की आपले कौतुक होते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण पुन्हा एकटा पडतो. शिबिर जरूर घ्या, पण त्याला हक्काचा पर्याय समजू नका. डॉक्टर किंवा औषध नाही म्हणून परत पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाची तारखेनिशी नोंद ठेवा. ती ग्रामसभेत वाचून दाखवा, ठरावात उतरवा, जिल्हा परिषदेपर्यंत न्या. प्रत्येक घराला गोडे पाणी आणि तालुक्यातच डायलिसिस, या दोन मागण्या मान्य होईपर्यंत स्वस्थ बसू नका.

आपल्या दवाखान्याचे दार कायद्याने उघडे आहे. आत डॉक्टर आणि औषध असावे, यासाठी झगडणे हे आपले काम आहे.